सारवलेली चढण

साळूबाईनं लॉरी चालवली, हे बेलवाडीतल्या काही शहाण्यांना अजून पटत नाही. म्हणतात, चालवत नवराच असणार, ही नुसती शेजारी बसली असणार. बसली असणार म्हणे! अरे, ज्याच्या उजव्या पायाला बोटंच उरली नव्हती तो माणूस ब्रेक काय तोंडानं दाबणार होता?

तिच्या नवऱ्याचा, आकारामचा, पाय इटलीत गेला. फौजेत तो ड्रायव्हर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात डोंगरातल्या चढावर बर्फात त्याची गाडी अडकली आणि रात्रभर ओल्या बुटात तो तिथंच बसून राहिला. बोटं काळी पडली, डॉक्टरनं अर्धं पाऊल काढून टाकलं. काठी टेकत घरी आला तेव्हा गावाला वाटलं, गड्याची गाडीची हौस फिटली असंल. कसली फिटतेय! लष्करानं मोडीत काढलेली एक लॉरी त्यानं घेतली आणि दुसऱ्या ड्रायव्हरकडून थेट सांगलीला कुतुबुद्दीन मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली.

कुतुबुद्दीन मिस्त्री म्हणजे लाकडाला आणि लोखंडाला सारख्याच प्रेमानं शिव्या देणारा माणूस. त्यानं लॉरीच्या पाठीवर फळ्यांची खोलीच उभी केली. आत निजायला बाक, चुलीपुरती पत्र्याची जागा, देवाला कोनाडा आणि झडप लावलेली एक खिडकी. साळूबाईला ती खिडकी लय आवडली. माहेरी औंधाला आणि सासरी बेलवाडीला, दोन्हीकडं तिनं भिंतीकडं तोंड करून भाकरी थापल्या होत्या. आता थापता थापता बाहेरचं दिसत होतं.

आकारामचा पाय ब्रेकवर ठरेना, म्हणून चाक तिच्या हातात आलं. सांगलीजवळ विश्रामबागच्या मोकळ्या माळावर तो शेजारी बसून सांगायचा आणि ती नऊवारीचा काचा घट्ट मारून शिकायची. तिचा पाय नीट पोचत नव्हता. मिस्त्रीनं एक अक्षर न बोलता ब्रेकवर लाकडाचा ठोकळा बसवून दिला. आकाराम बर्फातल्या गाडीच्या गोष्टी सांगायचा. चाक घसरायला लागलं की ब्रेकवर नाचायचं न्हाई, गाडीचं ढुंगण बांधाकडं वळवायचं, गाडी बांधाला टेकली की माणूस वाचला. साळूबाईनं बर्फ जन्मात बघितला नव्हता. पण ऐकलेलं सगळं डोक्यात ठेवत होती.

मग ती दोघं गावी परतली आणि आकारामनं थोरल्या भावाकडं, आप्पासोकडं, घरापुरती जागा मागितली. आकाराम लढाईवर असताना आप्पासोनं विहिरीजवळच्या सपाट जागेवर गुऱ्हाळ उभं केलं होतं. त्यानं बोट केलं ते गुऱ्हाळाच्या डोक्यावरच्या टेकाडाकडं. तिथं बैलगाडी चढत नव्हती, शेळीसुद्धा विचार करून चढायची. आकाराम म्हणाला, बरं, माझं घर आपल्या पायानं चढंल.

नवरा-बायकोनं कुदळीनं टेकाड फोडून चढण काढली. ती मुरूम वाहायची, तो चोपायचा. निघालेल्या मातीचा चढणीच्या कडेनं बांध घातला. दोघा भावांची आई, म्हातारी धोंडुबाई, थोरल्याच्या घरी राहायची. ती रोज संध्याकाळी येऊन दगडावर बसायची आणि बघत राहायची. तिकडं तिला पोटाला मिळत होतं. पण चूल सुनेची, शब्द लेकाचा, आणि म्हातारीचा काय तो गोठ्यालगतचा एक कोपरा. याबद्दल तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही.

चढण तयार झाली आणि आप्पासो चावडीवर गेला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, ते कबूल करायला पाहिजे. खाली गुऱ्हाळ, उकळती काहील, भोवती माणसं. वरून लॉरी निसटली तर काय उरणार? पण त्याच्या मनात गुऱ्हाळाची काळजी कमी आणि धाकट्याचं घर आपल्या डोक्यावर दिसणार याचाच सल जास्त होता. त्यानं पंचांपुढं शर्त घातली. लॉरी दुसऱ्या दिवशी सकाळी वर न्यायची, दिवेलागणीपर्यंत जागची हलली नाही तर टेकाड कायमचं धाकट्याचं. हलली तर लॉरी घेऊन चालू लागायचं आणि पुन्हा गावाकडं तोंड करायचं नाही. आकाराम आपल्या पायाकडं बघायला लागला. दाराआडून साळूबाईचा आवाज आला, "कबूल हाय."

पंचांतले नानासो म्हातारे म्हणाले, बाईनं बोलून काय उपयोग. आकाराम म्हणाला, चालवणार तीच, मग बोलणार कोण?

माघाचा महिना होता. नांगरटीत उभ्या केलेल्या लॉरीतून साळूबाई उजाडता खाली उतरली. अख्खी चढण पायथ्यापासून माथ्यापर्यंत शेणानं सारवलेली होती. हिरवीगार, बोटांच्या वळ्यांसकट. वर दव पडून ती नुसती चकाकत होती. पायथ्याशी धोंडुबाई उभी, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले, तोंडावर हसू. आता घर येणार म्हटल्यावर दारात सारवायचं, हे कुणी शिकवायला लागतं का? म्हातारीनं चार दिवस शेण साठवलं होतं आणि कोंबडा आरवायच्या आधी उठून एकटीनं एवढी चढण सारवली होती.

आकारामनं काठीचं टोक टेकवलं. काठी सर्रकन निसटली. "साळू, ह्यो बर्फ हाय," तो एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा असा पांढरा पडलेला तिनं कधी बघितला नव्हता.

पंच आले, गुऱ्हाळावरची माणसं आली. एकानं सुचवलं, उन्हानं वाळू द्या, उद्या बघू. आप्पासो म्हणाला, शर्त आजची आणि सारवलंय तुमच्याच माणसानं, मी कुणाचा हात धरला नव्हता. तेव्हा कुठं धोंडुबाईच्या ध्यानात आलं. ती आपल्या हातांकडं बघायला लागली आणि रडवेली होऊन म्हणाली, मीच पोराचं वाटोळं केलं.

साळूबाईला राग आला नव्हता असं नाही. एक क्षण तिला वाटलं, म्हातारीला गदागदा हलवावं. पण ते थंडीनं फुटलेले हात बघितले आणि राग निघाला तो दुसऱ्यांवरच निघाला. एवढी माणसं जमली होती तमाशा बघायला, सारवायला मात्र एकजण आला नव्हता. "आत्याबाई," ती सासूला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घर येनार म्हनून सारवलंसा, ब्येस केलंसा. आता बाजूला व्हा." आणि काचा मारून चाकामागं जाऊन बसली. आकाराम शेजारी चढून बसला.

लॉरी गुरगुरत चढली. अर्ध्यात मागची चाकं गरगर फिरायला लागली, शेण उडून बघ्यांच्या धोतरांवर गेलं. मग गाडी हळूच मागं यायला लागली. खाली गुऱ्हाळातून माणसं पळाली. शेजारी आकाराम ओरडला की नाही, हे तिला कळलं नाही. पाय ठोकळ्यावर जाऊन दाबायला शिवशिवत होता, तो तिनं उचलून धरला आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. गाडीची पाठ बांधात धाडकन घुसली आणि ती थांबली. फळी मोडल्याचा आवाज झाला. देवाचा कोनाडा होता त्या बाजूची.

आप्पासो पुढं झाला. "घसरली. शर्त सपली."

थोरल्या दिराशी तोंडावर बोलायची रीत नव्हती. साळूबाई खाली उतरली, पदर सारखा केला आणि लॉरीच्या नाकाडाकडं बघून बोलायला लागली. "शर्त उभी ऱ्हायची हुती. म्या आजून उभी कुटं केलीया? चढताना शेळीबी घसरती. उभी केल्यावर हलली तर तोंड दाकवनार न्हाई."

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. नानासोंनी मिशीवरचं शेण पुसलं आणि म्हणाले, बाईचं खरं आहे, शर्त उभी राहायचीच होती.

इटलीत काय करत होता, असं तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चाकाखाली राख टाकत होतो, मिळाली तर. राख! खाली गुऱ्हाळाच्या चुलवाणातून काढलेल्या राखेचा ढीग पडला होता. पण ती राख आप्पासोची. साळूबाई तिकडं बघत राहिली. मागायचं म्हणजे मान खाली घालायची, आणि मान तर तिनं कालच वर केली होती.

तेवढ्यात आप्पासोची बायको बनुबाई बुट्टी भरून राख डोक्यावर घेऊन आली. नवऱ्याच्या अंगावरून गेली, चढणीवर राख ओतली आणि दुसरी बुट्टी आणायला वळली. आप्पासोनं डोळे वटारले. ती म्हणाली, चुलवाणातली राख रोज मीच काढते, कुठं टाकायची तेही मीच बघते. मग गुऱ्हाळावरच्या बायका उठल्या. कुणी राख आणली, कुणी उसाचं पाचट अंथरलं. हिरवी चढण बघता बघता करडी झाली.

दुसऱ्या वेळी आकाराम गाडीत बसला नाही. मोठा धोंडा उचलून तो मागच्या चाकामागं लंगडत चालला. गाडी जरा अडखळली की धोंडा चाकाखाली सारायचा, पुढं गेली की उचलून पुन्हा मागं. गाडी निसटली असती तर पहिला तोच चेंगरला असता. साळूबाईला आरशात त्याचा फेटा दिसत होता. ती रागानं पुटपुटत होती, सरा बाजूला, सरा की! आणि पाय मात्र एकसारखा ठेवत होती. लॉरी माथ्यावर चढली.

तिनं पुढची चाकं बांधाकडं वळवून ठेवली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि चारी चाकांना धोंडे लावले. मग खिडकीची झडप उघडून चूल पेटवली. मोडक्या फळीतून धूर निघाला.

आप्पासोनं गुऱ्हाळापुढं बाज टाकली आणि दिवसभर वर बघत बसला. भाकरीला उठला नाही. ऊन तापलं, सारवण वाळून तडकलं, वारा सुटला. लॉरी जागची हलली नाही. साळूबाईसुद्धा खाली उतरली नाही. ती उतरली की गाडी घसरेल, असं काहीतरी खुळं भय तिच्या मनात होतं, आणि ते ती नवऱ्यालासुद्धा सांगत नव्हती.

गावात दिवे लागले. नानासो म्हणाले, टेकाड आकारामचं. पंच उठून गेले. आप्पासो बाज उचलायला वाकला, तेव्हा त्याला आई दिसली. काखेत गाठोडं, हातात तांब्या, घरातून निघून ती त्याच्यासमोरून चढणीकडं चालली होती. कुठं निघालीस, म्हणून त्यानं विचारलं.

"घरी," धोंडुबाई म्हणाली.

"घर हिकडं हाय, आई."

म्हातारी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं थोरल्या लेकाच्या डोळ्याला डोळा भिडवला. "सारवान मानूस सोताच्या दारात घालतंय, आप्पा. येवडी चढन म्या काय दुसऱ्याच्या दारात सारवली व्हय?"

साळूबाई राखेवरून धावत खाली आली आणि तिनं सासूच्या काखेतलं गाठोडं घेतलं.