देव्हाऱ्यातला होनान

वेंडेल नुमकेना हा होपी या मूळ अमेरिकन जमातीतला गृहस्थ अ‍ॅरिझोनात सेकंड मेसाच्या पठारावर राहतो. वय त्रेपन्न. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवतो आणि मधल्या वेळात कात्सिना बाहुल्या कोरतो. लाकूड एकच, कॉटनवूडच्या झाडाचं वाळलेलं मूळ. सावंतवाडीच्या खेळण्यांतल्या पांगाऱ्यासारखं हलकं. त्यावर पांढऱ्या मातीचा हात आणि वर मातीचेच रंग. बाकीचे कारागीर आता अ‍ॅक्रिलिक वापरतात. वेंडेलला त्याचा वास आवडत नाही.

कात्सिना म्हणजे पाऊस, पीक, आरोग्य घेऊन येणारे आत्मे. त्यांच्या बाहुल्या पुजत नाहीत. मुलींना देतात, भिंतीवर टांगतात. कोण कोणता हे त्यांना ओळखता यावं म्हणून.

१९८४च्या उन्हाळ्यात वेंडेलने अशी एक बाहुली वीणाला दिली. वीणा सात वर्षांची, त्याच्या नातीच्या वर्गातली. तिची आई पद्मिनी उपासनी तिथल्या दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते.

ऑक्टोबरात पद्मिनीच्या सासूबाई सांगलीहून आल्या. खिळ्याला टांगलेला देव त्यांना बघवेना. त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज इतर देवांबरोबर आंघोळ घातली. चौथ्या दिवशी ताम्हनात गढूळ पाणी उरलं आणि बाहुलीच्या गालांवरचे पंजे पुसले गेले. वीणा दोन दिवस नीट जेवली नाही.

पद्मिनी लेकीला आणि टॉवेलात गुंडाळलेली बाहुली घेऊन वेंडेलकडे गेली. झालेलं सगळं सांगितलं.

"साबण लावला?" वेंडेलने विचारलं.

"नाही."

"मग आजी बरी आहे."

"परत रंगवून द्याल?"

"कोणाला रंगवू?" त्याने बाहुली वीणासमोर धरली. "गालावर पंजा असलेले दोघं. होन म्हणजे अस्वल, होनान म्हणजे बॅजर. पंजा गेला की दोघं सारखेच. हा कोण?"

"तुम्हाला माहीत असेल ना," पद्मिनी म्हणाली.

"आहे. पण बाहुली तिची आहे. सुई टोचण्याआधी तू मला नाव विचारतेस, तसंच हे. चुकली तर बाहुली माझ्याकडे राहील."

वीणाने दोन्ही गाल निरखले. तिथे काही नव्हतं.

"आजी अस्वल म्हणते," ती पुटपुटली.

"आजीला नाही विचारलं."

"होनान," वीणा म्हणाली. "तो जमीन खणून औषधाची मुळं काढतो. मी आजीला सांगितलं होतं. ती म्हणाली, असू दे, देव तो देव."

वेंडेलने पांढऱ्या मातीची वाटी पुढे ओढली.

आठवड्याभराने होनान वीणाच्या खोलीत भिंतीवर परतला. सासूबाई आता आंघोळ घालत नाहीत, पण रोज त्याच्या डोक्यावर फूल ठेवतात. पद्मिनीने भीतभीत हेही वेंडेलच्या कानावर घातलं.

"झटकून ठेवायला सांग," तो म्हणाला. "ओलं नको."