हीटरपाशी ठेवलेलं मडकं

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी गरम करायची सवय होती. थंडी पडली की दात घासायच्या आधी मफलर गुंडाळून खाली जायचे, किल्ली फिरवायचे, डॅशबोर्डवरचा स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मग इंजिन सुरू करून बॉनेटपाशी उभे राहायचे. गाडी डिझेलची, आणि जुनी. सुरुवातीला ती गिरणीत खडे पडल्यासारखी खडखडायची, मागून पांढरा धूर सोडायची, मग हळूहळू तिचा आवाज बसायचा. आवाज बसला की यांचा चेहरा खुलायचा आणि हे वर येऊन चहा मागायचे. गाडी मात्र कुठेच जायची नाही. आमचं बियाण्यांचं दुकान घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

हे खूळ उदगीरहून आलेलं. यांचं लहानपण तिथं गेलं आणि घरी मालाच्या ने-आणीसाठी एक जीप होती. थंडीत ती आदल्या संध्याकाळीच उतारावर लावून ठेवायची, सकाळी तिच्या रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचं, तरी गल्लीतल्या माणसांनी ढकलल्याशिवाय ती हलायची नाही. त्या जीपनं यांना जे शिकवलं ते यांनी लातूरला आल्यावरही सोडलं नाही. जीप कधीच भंगारात गेली, पण तिचे लाड आमच्या गाडीला मिळत राहिले.

थंडीच्या सकाळी आमच्या गल्लीत प्रत्येक गाडीचा स्वभाव कळतो. समोरच्या रिक्षावाल्याची रिक्षा खोकते, बंद पडते, पुन्हा खोकते. क्लासच्या पोरांच्या मोटारसायकली सेल्फला दाद देत नाहीत, मग पोरं किका मारून मारून घामाघूम होतात आणि स्वेटर काढून हँडलला अडकवतात. कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या गाडीला गॅसचं किट आहे. ती आधी पेट्रोलवर सुरू होते आणि तापली की मग गॅस घेते. पण मास्तर पेट्रोल भरताना हात इतका आखडता घेतात की गाडी सकाळच्या गारठ्यात तशीच मुकी उभी राहते आणि मास्तर सायकलवर शाळेला जातात. या सगळ्यांत आमचीच गाडी नुसती उभी राहून तापायची, याचा मला राग यायचा.

शेवटी मी मेकॅनिकलाच विचारलं. तो म्हणाला, "काकू, सुरू करायची, जरा दम धरायचा आन् हळूहळू चालवायला लागायचं. उभी ठिवून कुठं तापती ती? डिझेल जळतंय नुस्तं." मला एवढंच पाहिजे होतं. घरी येऊन मी ते इतक्या वेळा ऐकवलं, की त्या थंडीत यांनी गाडी गरम करणं सोडून दिलं. आमच्या दारातली खडखड थांबली. सकाळी थोडं चुकल्यासारखं वाटायचं, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

त्याच थंडीत येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडे घरात चूल पेटत नाही म्हटलं तरी चालेल, अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. दुकानं बंद, रस्ते ओस. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते आणि मग भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील. भज्जी कुणाचीही चालते. आंबील मात्र घराच्या नावावर जोखली जाते. ज्वारीचं पीठ ताकात शिजवायचं, मडक्यात घालायचं आणि रात्रभर आंबू द्यायचं. ऐकायला सोपं आहे.

आमच्या घरची आंबील म्हणजे सासूबाईंची आंबील. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मी लग्न होऊन आल्यापासून ताक घुसळलं मी, पीठ कालवलं मी, हात दुखेपर्यंत ढवळलं मी. आत्याबाई शेवटी मीठ घालायच्या आणि झाकण ठेवून मडकं उचलून न्यायच्या. शेतात लोक म्हणायचे, "आंबील प्यावी तर वहिनींच्या हातची," आणि आत्याबाई मान हलवून ते घ्यायच्या. मला ते लागायचं. आज सांगायला काय जातं, फार लागायचं.

त्या वर्षी मात्र त्यांनी मिठाचा डबाच माझ्यापुढे सरकवला. "औंदा तूच कर सगळं. माझ्याच्यानं आता मडकं उचलत न्हाई." एवढंच बोलल्या आणि जप करायला बसल्या. मी हरखले. आंबील केली, मीठ घातलं, मडक्याला धुतलेलं धोतर गुंडाळलं आणि ऐटीत ओट्यावर ठेवून दिलं.

पहाटे झाकण काढून चाखून बघितलं. आंबील आंबलीच नव्हती. नुसतं खारट, पांचट पीठपाणी. मडक्याला हात लावला तर बर्फ. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आत्याबाई मडकं उचलून कुठे न्यायच्या ते. त्या ते देवघरात, पोत्याच्या चुंबळीवर, जुन्या रजईत घालून ठेवायच्या. मी ठेवलं होतं ग्रॅनाइटच्या ओट्यावर, खिडकीखाली. थंडीत त्या ओट्यावर पीठसुद्धा फुगत नाही, हे मला माहीत होतं, पण आनंदात डोकं चालतं कुठे.

गॅसवर ठेवावं तर आंबील फुटते, पाणी वेगळं आणि पीठ वेगळं होतं. उन्हात ठेवावं तर ऊन अजून निघायचं होतं. आत्याबाई आतल्या खोलीत कपाळाला भस्म लावत होत्या. त्यांना कळलं तर पुढच्या वर्षी मिठाचा डबा परत त्यांच्याकडे जाणार आणि जन्मभर तिकडेच राहणार, याबद्दल मला शंका नव्हती.

हे बाहेर चहा पीत बसले होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी मी जाऊन उभी राहिले. "अहो, गाडी गरम करा."

यांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"गाडी गरम करा. हीटर लावा."

"मेकॅनिक तर म्हणला होता..."

"मेकॅनिकचं राहू द्या हो." आता ताकाला जाऊन गाडगं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. हे हसले नाहीत, त्याबद्दल मी यांचे आजन्म उपकार मानीन. मफलर शोधायला मात्र उठले तेव्हा खांदे हलत होते.

आम्ही मडकं पुढच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथं, हीटरच्या तोंडासमोर ठेवलं. पिवळा दिवा विझला, गाडी खडखडली, धूर सोडला. हीटर लावला तर गार वारा. "थांब जरा, इंजिन तापू दे," हे म्हणाले. आम्ही थांबलो. तापमानाचा काटा जागचा हलेना. समोरच्या रिक्षावाल्यानं खिडकी उघडून बघितलं आणि लावून घेतली. मी म्हणाले, "उभी राहून तापत नसते." हे म्हणाले, "अगं, जीप तापायची." गाडीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही भांडत होतो, तेवढ्यात आत्याबाई शाल पांघरून दारात आल्या. "काय करायलाव रं सकाळी सकाळी? निघायचं का न्हाई?"

निघालो. त्या मागे बसल्या, मी पुढे, पाय मडक्याच्या दोन्ही बाजूंना. उदगीर रोडला लागेपर्यंत काचांवर आमच्याच श्वासांचं धुकं होतं आणि मी फडक्यानं पुसत होते. गाव मागे पडलं, काटा हळूहळू वर आला आणि पायांना पहिली ऊब लागली. मी काचा घट्ट लावल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिन लवकर तापावं म्हणून यांनी मुद्दाम खालच्या गिअरमध्ये गाडी ताणली. गाडीला जपणारा हा माणूस तिला तसं ओढतोय, हे बघून मला भरून आलं.

"एवढं कशाला तापवायलीस गं?" मागून आवाज आला.

"तुमचे गुडघे दुखतात ना थंडीनं. म्हणून."

थोड्या वेळानं आत्याबाईंनी शाल काढली. मग स्वेटर काढला. यांनी मफलर काढला. माझ्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते आणि बाहेर हरभऱ्यावर दव पांढरं दिसत होतं. शेताच्या वाटेला वळताना गाडीत वास यायला लागला. आधी किंचित, मग चांगला आंबट. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी कळलं, की वास मागच्या सीटवरही जाणार. आरशात बघितलं. आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असाव्यात, असं मी मनाला समजावलं.

शेतात पोचल्यावर मी मडकं कोपेच्या उन्हाच्या बाजूला कडब्यावर ठेवलं. पूजा झाली, दुपार चढली, पंगत बसली. पहिला ग्लास घरच्या थोरल्या माणसाचा. मी तो आत्याबाईंच्या हातात दिला आणि तिथून हलले नाही. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मग ग्लास रिकामा केला.

शेजारी बसलेले चुलत सासरे मिशा पुसत म्हणाले, "वहिनी, आंबील प्यावी तर तुमच्या हातची."

"माझ्या न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "सुनेच्या हातची हाय. मी औंदा मीठ बी घातलं न्हाई."

त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. मी वाढायला वाकले, तशा त्या हलक्या आवाजात माझ्यापुरतं बोलल्या.

"पुढल्या साली बी हीटर लाव गं. माझ्या गुडघ्यांला लई आराम पडला."