हुज्जत न घालणारं गिऱ्हाईक

व्हर्लिन टॅकेटचा गुडघा कोळशाच्या खाणीत गेला आणि उरलेला माणूस बंदुकीच्या दुकानात लागला. असं तो स्वतःच सांगायचा. पुढची एकतीस वर्षं केंटकीतल्या त्या डोंगराळ गावात त्याने काचेच्या कपाटामागे उभं राहून काढली. कुणाला जुन्या घडणीचं पिस्तूल घ्यायचं झालं, की गाडी आधी व्हर्लिनकडे वळायची.

जुन्या घडणीचं म्हणजे आजोबांनी लढाईवर नेलेलं तसलं. चपटं, जड, सगळं पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. ते मागणारं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. नळी पाच इंची की चार? मूठ गुळगुळीत की खरबरीत? चाप कडक लागतो, पाठीमागचा खटका तळव्याला चावतो. तासभर घोळ घालून वर म्हणायचे, "बायकोला दाखवायला आणतो." व्हर्लिन त्यांना खुशाल घोळ घालू द्यायचा. दुकानात नवीन लागलेल्या ट्वायलाला त्याने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "पोरी, हुज्जत घालणाऱ्याला बिनधास्त विक. त्याला ते वीस वर्षं वापरायचंय. पण जो 'कुठलंही चालेल' म्हणतो ना, त्याच्यासमोर कपाटाला कुलूप घाल आणि त्याला कॉफी पाज."

हे शहाणपण त्याला फुकट मिळालं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. होबार्ट स्लोन आला, खाणीतला जुना सोबती. त्याने समोर दिसलेल्या पहिल्या पिस्तुलाकडे बोट दाखवलं. हेच चालेल. कातडी म्यान नको, जास्तीचं मॅगझिन नको, काडतुसांची एक डबी पुरे. सरकारी कागद भरला, फोनवरून चौकशी झाली, सगळं रीतसर. व्हर्लिनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "सगळी गिऱ्हाइकं तुझ्यासारखी असती तर काय बहार आली असती!" होबार्ट हसला. संध्याकाळच्या आत त्याने स्वतःला संपवलं.

कुणी व्हर्लिनला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून होबार्ट रोज दुकानात येऊ लागला. दाराची घंटा वाजायची, व्हर्लिन मान वर करायचा, आणि गिऱ्हाइकाच्या मागे तपकिरी कोटात तो उभा असायचा. घाई नाही, तक्रार नाही, आपली पाळी येण्याची वाट बघत. व्हर्लिनला त्याची भीती वाटत नव्हती, लाज वाटायची. स्वतःचं होतं ते पिस्तूलही त्याने विकून टाकलं. तरी होबार्ट यायचाच.

ही गोष्ट त्याने दोघींनाच सांगितली. ट्वायलाला, आणि त्याआधी बायकोला, ओनीडाला. ओनीडा म्हणायची, "उभा राहू दे की त्याला. तू वेळेवर जेवायला ये." गेल्या हिवाळ्यात ओनीडा गेली आणि होबार्ट घरीही येऊ लागला. तिच्या खुर्चीत बसायचा.

व्हर्लिनच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. मालकाने सकाळीच हात मिळवला आणि सांगितलं, "कपाटातलं आवडेल ते घेऊन जा, माझ्याकडून भेट." आठवण म्हणून न्यायचं, बाकी काही नाही, असं व्हर्लिन मनाशी घोकत होता. पण कामावर येताना त्याने रोज दुकानात सोबत येणारा कुत्रा शेजारणीला देऊन टाकला होता आणि फ्रिज रिकामा करून धुऊन ठेवला होता. ते कशासाठी, हे मात्र तो स्वतःला विचारत नव्हता.

चार वाजता गिऱ्हाइकं ओसरली. ट्वायलाने हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडली, प्रत्येकाची स्लाइड मागे ओढून आत काही नाही हे त्याच्यासारखंच बोट घालून पाहिलं.

"या, म्हातारबा! आज तुम्ही गिऱ्हाईक. घाला काय घोळ घालायचाय तो."

"हे पहिलं."

"हातात तर घ्या! मूठ बदलून देऊ? तुम्हालाच खरबरीत आवडत नाही ना?"

"असू दे."

"म्यान?"

"नको. काडतुसांची एक डबी दे."

"अगंबाई, केवढे गुणी! सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी असती तर…"

वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. तिने व्हर्लिनकडे पाहिलं. तो मान वळवून मागे रिकाम्या दाराकडे बघत होता. तिने तिन्ही पिस्तुलं उचलली, कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

"हा काय चावटपणा?" व्हर्लिन भडकला. "तू लंगोटात होतीस तेव्हापासून मी ही विकतोय!"

"मग तुम्हीच शिकवलंत ते विसरलात का? कुत्रा कुठाय?"

"शेजारणीकडे."

"का?"

ट्वायला कपाटाला वळसा घालून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि सरळ विचारलं, "व्हर्लिन, आज घरी जाऊन जीव देणार होतात का?"

बारा वर्षांपूर्वी एवढंच विचारायचं होतं. एवढंच! एका वाक्याचं काम होतं आणि त्याने चेष्टा केली होती. व्हर्लिनने दोन्ही हात काचेवर टेकले. "हो," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

ट्वायलाने दुकान वेळेआधी बंद केलं. ओहायोतल्या त्याच्या बहिणीला फोन लावला. ती लगेच निघते म्हणाली. शेजारणीकडून कुत्रा परत घेतला आणि व्हर्लिनला आपल्या घरी जेवायला बसवलं. सकाळी दोघांनी डॉक्टरकडे जायचं, असं तिनेच ठरवून टाकलं. टेबलाभोवती तिचा नवरा, सासू, तिन्ही मुली. होबार्ट दाराशी उभाच होता, पण त्याला बसायला खुर्ची उरली नव्हती.

बराच वेळ व्हर्लिनने ताटाला हात लावला नाही. मग घेवड्याच्या रश्श्यात मक्याचा पाव बुडवला, एक घास घेतला आणि चावता चावता थांबला.

"ट्वायला, यात साखर घातलीस?"

"घातली. मग?"

"मग काय मग? हा पाव आहे की केक? ओनीडाने बघितलं असतं तर ताट उचलून बाहेर भिरकावलं असतं! आणि तवा नीट तापवला नाहीस, कड बघ कशी मऊ पडलीय…"

तो बोलतच सुटला. सासूबाईंना राग आला. ट्वायलाने तोंडावर हातपुसणं धरलं आणि हुंदके देत म्हणाली, "घाला हुज्जत. अजून घाला."