सर्वे नंबर सैंतीस

या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते आणि तितक्याच आवडीनं हसते. आमच्या घरात देव आणि भूत या दोघांनाही एकाच दिवशी रजा मिळाली होती, छप्पन्न साली, दीक्षा घेतली तेव्हा. आजी म्हणायची, चिंचंखालून जाऊ नगं. दादा, म्हणजे माझे वडील, मुद्दाम माझा हात धरून चिंचेखालूनच न्यायचे. अशा घरातली मी. पुढं जन्मभर मास्तरकी केली, दर वर्षी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. आता हे वाचून ‘बाई, तुम्हीसुद्धा?’ म्हणणारे माझेच विद्यार्थी निघतील. म्हणू देत.

बहात्तरचा दुष्काळ, त्याचा दुसरा उन्हाळा. मी डी.एड. होऊन घरी बसले होते. ढोकीच्या अलीकडं आमचं गाव – नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. गावाच्या खालच्या अंगाला, आमच्या वस्तीला लागून, एक जुनी दगडी विहीर होती. सगळे तिला बावलीच म्हणत. गावातल्या बाकीच्या विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या, तरी हिला पाणी होतं. आणि म्हणूनच घोटाळा झाला. शेजारच्या सर्वे नंबर सत्तेचाळीसचे मालक आबासाहेब. त्यांचा ऊस कारखान्याला जायचा होता. त्यांनी विहिरीभोवती काटेरी तार ओढली, इंजिन बसवलं आणि सांगितलं, विहीर आमच्या नंबरात येते. गावात पाण्याची विहीर आहे असं कागदावर, म्हणून टँकरही नाही. वस्तीतल्या बाया दोन कोसांवरून पाणी आणायच्या. माझी वहिनी सातव्या महिन्यात होती. एकदा घागरीसकट पडली, तरी दुसऱ्या दिवशी परत गेली. न जाऊन करणार काय?

दादांनी तहसीलदारांकडं अर्ज दिला. साहेब म्हणाले, “निजामाच्या काळातल्या पाहणीची नक्कल आणा. विहीर सरकारी निघाली तर तार काढायला लावतो.” सुनावणी शनिवारी. नक्कल मिळायची धाराशिवला, एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. दादा खडी फोडायच्या कामावर होते, खाडा केला तर नाव कटायचं. म्हणून शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं मी गेले. कुठली कचेरी ते विचारू नका. ती इमारतही आता राहिली नाही.

पत्र्याची लांब खोली. छतापर्यंत मांडण्या, त्यांत लाल कापडात बांधलेले बस्ते. रेकॉर्ड सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले, कानानं जरा कमी. त्यांना मी हमीदचाचा म्हणते, खरं नाव वेगळं. कोर्ट फीचा स्टॅम्प लावलेला अर्ज त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

“आठ रोजानं ये, बेटी. नकला लिहिणारा कारकून दुष्काळी कामावर गेलाय, मस्टर भरायला. मी एकला हाय.”

“चाचा, सुनावणी उद्याच हाय.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “उर्दू येती?”

“न्हाय.”

“अक्षर कसं हाय?”

“मास्तरणीचं हाय.”

“मग बस. मी वाचतो, तू नागरीत लिही. ‘नक्कल करणार’ म्हणून सही मी करतो. रुजवातीचं मातर माज्या हातात न्हाय.”

रुजवात म्हणजे ताडून पाहणं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून प्रत्येक ओळीला हुंकार द्यायचा. खाली दोन सह्या लागतात – नक्कल करणार आणि रुजवात घेणार. दोन्ही एकाच माणसाच्या चालत नाहीत. मी म्हटलं, आधी लिहून तर होऊ दे.

बस्ते उर्दू अक्षरांच्या क्रमानं, उजवीकडून डावीकडं लावलेले. चाचांनी आमच्या गावाचा बरोबर काढला. दोन ओळी लिहून झाल्या आणि अजान झाली. जुम्मा होता. चाचांनी किताब बंद केली, बस्ता गाठ मारून मांडणीत ठेवला. कागद उघडा टाकून जायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. म्हणाले, “भायेर व्हरांड्यात बस. आर्ध्या तासात येतो.” मी त्यांच्या मागं निघाले. तेवढ्यात पेनचं टोपण टेबलाखाली घरंगळलेलं दिसलं. ते शोधायला वाकले... आणि दार लागलं. कडी, कुलूप. मी हाका मारल्या, दार बडवलं. चाचांना ऐकू येईना, आणि दुपारच्या सुट्टीत कचेरीत दुसरं काळं कुत्रं नव्हतं.

एकच खिडकी, तिला गज. गजांतून व्हरांड्यातला माठ दिसायचा, वर उपडं ठेवलेलं भांडंही दिसायचं. पत्रा तापलेला. घशाला अशी कोरड पडली की हाकाही निघेनात. भीती नव्हती, राग होता. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं स्वतःला सांगत मी टेबलाशी बसले.

तेव्हा मागच्या मांडणीतून कुणीतरी वाचायला लागलं.

मला वाटलं, चाचा दुसऱ्या दारानं आले. दुसरं दारच नव्हतं, हे नंतर ध्यानात आलं. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, सपाट, ना रागाचा ना मायेचा. आम्ही जिथं थांबलो होतो त्याच्या पुढची ओळ. उर्दू मला कळत नव्हतं, पण गावाचं नाव कळलं, शिवेवरच्या ओढ्याचं नाव कळलं. उठून त्या रांगेत गेले, तर आवाज पलीकडच्या रांगेत. पलीकडं गेले, तर अलीकडं. आणि ओळ तीच. पुन्हा तीच. मधे एक थांबा, कुणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघतात तेवढा.

मी परत टेबलाशी आले. काय करावं सुचेना. शाळेच्या सवयीनं ती ओळ लिहून काढली आणि तोंडून आपोआप निघालं, “हूं.”

पुढची ओळ सुरू झाली.

आता मात्र पेन खाली ठेवलं. ठरवलं, काही झालं तरी आता बोलायचं नाही. कान दाबून बसले. काढले तर तीच ओळ. परत दाबले. काढले... तीच ओळ. वीसपर्यंत मोजलं आणि मोजणं सोडून दिलं. त्या खोलीत कुलूप बाहेरून होतं आणि ही ओळ आतून. हुंकार दिल्याशिवाय ती सुटणार नव्हती. रडत रडत “हूं” म्हणाले. लिहिलं. हूं. लिहिलं. हूं. गावातली शेतं, पड, वाटा एकेक पुढं सरकत गेल्या.

मग ओळ आली ती विहिरीची. “बावली एक. सर्वे नंबर सैंतीस.”

मी ४७ लिहिलं. हिंदी-उर्दू आकडे आम्ही शिकलो ते बाजारात आणि सिनेमात. तिशीच्या पुढं गेलं की आमची गाडी हमखास रुळावरून उतरते. शिवाय सत्तेचाळीस हा आकडा सहा महिने घरात दुसरं काही बोलणं नसल्यासारखा घुमत होता. लिहिलं आणि म्हटलं, “हूं.”

“सर्वे नंबर सैंतीस.”

“हूं.”

“सर्वे नंबर सैंतीस.”

“हूं म्हटलं की...” तो आवाज चढला नाही, उतरला नाही. किती वेळ चाललं, सांगता येत नाही. जीव नकोसा झाला. शेवटी बोटांवर मोजायला लागले – तीस, इकतीस, बत्तीस... सैंतीस म्हणजे सदतीस. सैंतालीस नव्हे. आणि सदतीस म्हणजे गावठाणाचा नंबर, सरकारचा. चार खोडून तीन केला. मी हुंकार द्यायच्या आधीच आवाज पुढं गेला: “मिल्कियत सरकारी. पानी आम.”

आम म्हणजे सगळ्यांचं, एवढं उर्दू मलाही येत होतं.

कुलूप निघालं. चाचा दारात थबकले. “बेटी, तू आतच व्हतीस?” त्यांनी आधी माठातलं पाणी आणून दिलं, दोन भांडी. मग टेबलावरचा भरलेला कागद पाहिला. “हे कुणी सांगितलं?”

“कुणीतरी वाचत होतं, चाचा.”

ते सरळ मागच्या रांगेत गेले. मांडणीतून बस्ता काढला. गाठ त्यांचीच, तशीच होती. किताब उघडून एकेक ओळीवर बोट फिरवलं. शब्दाला शब्द जुळला. त्यांनी ‘नक्कल करणार’ याखाली सही केली, शिक्का मारला. ‘रुजवात घेणार’ याखालची जागा कोरी होती – हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. “साहेबाला सांग, माणूस नव्हता. ऐकलं तर ऐकलं,” म्हणाले आणि माझ्यासमोर पाकिटाला डिंक लावला. ते पाकीट त्या रात्री धाराशिवातच, मावशीच्या घरी माझ्या उशाखाली होतं.

सुनावणीला दादा आले, रोज बुडवून. आबासाहेब वकील घेऊन आलेले. तहसीलदार साताऱ्याकडचे, उर्दूचा गंध नाही. पाकीट त्यांनीच फोडलं आणि कागद वकिलांपुढं सरकवला. वकिलांची नजर बरोबर तिथंच गेली.

“साहेब, आकडा खोडलाय. चारचा तीन केलाय. नेमका विहिरीच्याच ओळीत.”

खोडलेल्या जागी सही घ्यायची असते, हे चाचाही विसरले होते आणि मीही. आबासाहेब हसले. वहिनीची घागर, वस्तीतल्या बायांचे दोन कोस, सगळं त्या एका आकड्यात अडकलं होतं. आणि तो माझ्या हातचा होता.

साहेबांनी कागद उजेडाकडं धरला. “खोडल्या जागेशेजारी आद्याक्षरी आहे ना. आणि खाली रुजवात घेणाराची सही तीच आहे.” कागद माझ्याकडं फिरवला. “उर्दूत आहे. कुणाची ही?”

तपकिरी पडलेली शाई. बारीक, जुन्या वळणाची सही. काल तिथं काही नव्हतं.

दादा माझ्याकडं बघत होते. पंचशील त्यांनीच माझ्याकडून पाठ करून घेतलेलं, त्यातलं खोटं न बोलण्याचं जास्तच. मी ‘माहीत नाही’ म्हणाले असते, तर कागद तिथंच रद्दी झाला असता.

“तुमच्यासमोर रुजवात झाली?” साहेबांनी विचारलं.

“झाली, साहेब. ओळ ओळ वाचून झाली. सदतीसला मी चुकले होते. दुरुस्त केल्याशिवाय त्यांनी पुढं जाऊ दिलं नाही.”

“मग सही?”

“ज्यांनी वाचलं त्यांची.”

साहेबांनी कागद फाईलला लावला. सोमवारी तार निघाली.

आठवड्यानं चाचांना सांगायला गेले. त्यांनी शपथेवर सांगितलं, मी दुसरी सही केली न्हाय. त्यांनी दया येऊन केली असेल, असं मी कितीदा तरी मनाशी म्हणून बघितलं. पण मग खोलीत वाचत कोण होतं? पुढं नोकरीत असताना त्या फाईलच्या नकलेसाठी रीतसर अर्ज केला. महिनाभरानं उत्तर आलं, ‘सदर फाईल आढळून येत नाही.’

तार निघाली त्या दिवशी वहिनीला कुणी घागर उचलू दिली नाही, तर ती विहिरीच्या काठावर नुसती बसून राहिली. तिथंच दादांनी मला हळूच विचारलं, “खोटं बोललीस का गं?”

“न्हाय, दादा.”

“मग कोन व्हता त्यो?”

आमच्या घरात खरं बोलायची शपथ होती आणि भूत न मानायचीही. तोवर दोन्ही बिनतक्रार पाळल्या होत्या. त्या काठावर पहिल्यांदा दोन्ही एकदम पाळता येईनात. मी भित्री ठरेन याचं भय नव्हतं. मी खरं सांगितलं असतं, तर दादांना वाटलं असतं की पोरगी पाण्यासाठी खोटं बोलली, आणि ते त्यांनी जन्मभर मनात ठेवलं असतं. मी वहिनीची घागर उचलून पाणी भरायला गेले. ते पुढं बारा वर्षं जगले. अधूनमधून विचारायचे, आणि प्रत्येक वेळी मी एवढंच सांगायची की एक म्हातारा माणूस होता, उर्दू वाचायचा, चांगला होता. याहून जास्त मला आजही माहीत नाही.