माहेरच्यांसाठी वेगळं पान

आईचा फराळ डोंबिवलीत नावाजलेला. त्याचं वेबपेज मी बनवलेलं, पण त्यावर काय लिहायचं ते बाईसाहेबच ठरवणार! एक दिवस म्हणाली, "खडवलीचं कुणी आलं, तर त्याला वेगळं काही दाखवता येईल का गं?"

खडवली तिचं माहेर. तिथे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. माझ्या लग्नाच्या धावपळीत आईने त्याला पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवलेली. सख्ख्या भावाला! घरी जाऊन अक्षत नाही, कुंकू नाही. मामा रुसला तो रुसलाच. लग्नाला आला नाही, त्यानंतर भाऊबीजेलाही नाही. भाऊ असून आई गॅलरीत उभी राहून चंद्राला ओवाळायची. मला बघवायचं नाही ते.

गावच्या मंडळाच्या साइटवर आमच्या पानाची लिंक होती, आणि मामा ती साइट रोज बघतो म्हणे. आता, माणूस कुठल्या पानावरून आला तो पत्ता ब्राउझर बहुतेक वेळा सोबत आणतो. जावास्क्रिप्टने तो वाचायचा. मंडळाचा निघाला तर किमती लपवायच्या आणि आईचा मजकूर दाखवायचा. "माहेरच्यांची ऑर्डर घेत नाही. घरी या, पान वाढते." मी मंडळाच्या साइटवरून जाऊन बघितलं, झकास चाललं. आई दिवसभर खूश.

दिवाळीच्या तोंडावर मामाची ऑर्डर आली. एक किलो चकली, घरपोच. आईने ती दोनदा वाचली.

"वाचूनही विकत मागवली? एवढी परकी झाले मी त्याला?"

"अगं थांब, रडू नको!" ऑर्डरसोबत मागच्या पानाचा पत्ता मला येतो. तो कोरा होता. कुणीतरी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली असणार; तिथून आलं की पत्ता बऱ्याचदा येतच नाही. "त्याला तुझा मजकूर दिसलाच नाही गं. सगळ्यांचं असतं तेच पान दिसलं."

आईने पदराने डोळे पुसले. "म्हणजे परत तेच केलं मी. उठून जायचं सोडून निरोप धाडत बसले. चल, डबा भर."

दार मामानेच उघडलं. आईने उंबऱ्यातच त्याला कुंकू लावलं, डबा हातात दिला आणि "भाऊबीजेला ये रे दादा," एवढंच म्हणाली. त्याने डबा उघडलासुद्धा नाही.

"चकली आता चावते कुठे मला," तो म्हणाला. "म्हटलं, ती द्यायला तरी येशील."