सांगावा

"पायरीला पाय लावू नकोस. तिथंच उभा राहा."

भोरातल्या वकीलसाहेबांचे हे पयले शब्द. मी विंझरच्या महारवाड्यातला, नुकताच म्याट्रिक झालेला. पुण्याच्या कालेजात त्यांचा शब्द चालायचा. त्यो शब्द मागाय येवढ्या लांब चालत आल्तो. आत त्यांचा म्हातारा बाप शेवटाला लागलेला. त्याची घरघर भर दुपारी अंगनात ऐकू येत हुती.

"काय शिकणार?"

"विम्याचं गनित, साहेब. कुठल्या वयाची किती मानसं मरत्यात, त्याचा हिशोब. मास्तर म्हनले, तुला जमंल."

वकील लई हसले. "अरे, मरणाचं काम तुमच्याकडं पिढीजात आहे! त्याला कॉलेज कशाला? बरा आलास पण. म्हातारा आजचा दिवस काढत नाही. बस इथं. गेला की भोंगवलीला माझ्या बहिणीकडं सांगावा घेऊन पळ. मग टाकतो शब्द."

मी बसलो. व्हय, बसलो! कालेज पायजे हुतं मला. येका जित्या मानसाच्या मरनाची वाट बघत बसलो. घरघर थांबली की कान टवकारायचे. पुन्ना सुरू झाली की वैताग यायचा. मला माजीच भीती वाटाय लागली.

मग बा आठवला. कुनी मेलं की गावोगाव सांगावा न्यायचं काम आमचं. पूर असो न्हाईतर पटकी असो. बा असाच येका बड्या घरच्या मयताचा सांगावा घिऊन निघाला, आन गुंजवनीच्या पुरात गेला. गावानं काय इचारावं? "सांगावा पोचला का?" बा गेल्याचा सांगावा आमच्याकडं कुनी आनला न्हाई. आय भाकरी झाकून दारात बसून ऱ्हायली.

तवा डोस्क्यात उजेड पडला. कुनाचं मरान मोजायचं आन कुनाचं न्हाई, हे आदीच ठरल्यालं हाय. ठरवनाऱ्यांच्यात जाऊन बसल्याबिगर आमची मढी मोजली जायची न्हाईत. आन तितं जायची वाट ह्या अंगनातनं न्हाई.

उठलो. म्हनलं, "साहेब, तुमचा सांगावा तुमी न्या."

"मग कॉलेज विसर!"

फाटकातनं भाईर पडलो, तवर मागं रडं उठलं. वकील ओरडले, "अरे, पळ की भोंगवलीला!"

मी पळालो न्हाई. मागं वळलोबी न्हाई. कापूरहोळची वाट धरली, पुण्याला. कुनाच्या शब्दाबिगर. शिकीन तर तेच गनित, आन त्यात पयलं मरान माज्या बाचं मांडीन.