रविवारच्या सौरज्वाला

सूर्यावर ज्वाला भडकली की उपग्रहाला क्ष-किरणांचा लोट दिसतो आणि आलेखात एक टोक वर येतं. वर्षभराची अशी टोकं मोजायची आणि लहान किती, मोठी किती याचं गणित मांडायचं, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. संगणक मोजतोच, पण मोठ्या ज्वालेच्या उतारावर बसलेली चिल्लीपिल्ली त्याच्या नजरेतून सुटतात. म्हणून गाइडनी हातानेही मोजायला सांगितलं होतं. त्या मोजणीत घोळ निघाला तर प्रबंधातलं ते प्रकरण रद्द.

पहिल्याच महिन्यात मला कंटाळा आला. उरलेले अकरा महिने मी आत्याच्या गळ्यात मारले. बागलीच्या शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली आणि देवासला आमच्याकडे राहायला आली. तपासायला वह्या नसल्या की ती घरातल्या माणसांना तपासते. दिवसाला एक याप्रमाणे छापलेले आलेख आणि एक लाल पेन्सिल मिळाल्यावर बाई खूश. गाइडना मात्र मी छातीठोकपणे सांगितलं की सगळं मीच मोजलंय.

आठवड्याने त्यांचा इंदूरहून फोन आला. "भिया, तुम्हारी गिनती में दूसरे महीने से हर संडे को छोटे फ्लेअर गायब हैं. सूरज छुट्टी पे जाता है क्या?"

मी घाईने फोन ठेवला. आत्याला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "रविवार त्याचा वार. मी त्याच्यासाठी अळणी जेवते. त्या तारखेच्या कागदावर त्याचे बारीकसारीक राग काय लिहून काढायचे? मोठे लिहिलेत की."

सबबी तीन तयार होत्या, पण एकही पटण्यासारखी नव्हती. शेवटी फोन करून नंतरचे अकरा महिने आत्याने मोजल्याचं सांगून टाकलं. गाइड पोटभर हसले. रागावण्यापेक्षा ते हसणंच मला जास्त लागलं.

"संडे उन्हीं से दुबारा गिनवाओ," ते म्हणाले. "बाकी छह दिन उनके एकदम सही हैं. गड़बड़ पहले महीने में है. वो किसने गिना?"

आत्याने आधी हात जोडून सूर्याची माफी मागितली आणि सगळे रविवार पुन्हा मोजले. मग माझा महिना पुढ्यात ओढला. पानापानावर लाल गोल पडू लागले. मला खरंच लाज वाटली.

"आत्या, त्याला सोडलंस तसं मलाही थोडं सांभाळून घे ना."

पेन्सिल न थांबवता ती म्हणाली, "तो रोज वेळेवर उगवतो."